लाल छातीचा माशीमार कसा ओळखायचा: पहिल्यांदाच हिवाळी पाहुणे बघणाऱ्यांसाठी

ऑक्टोबर लागला की आमच्या पक्ष्यांच्या ग्रुपवर रोज एक तरी फोटो पडतो. छोटासा तपकिरी पक्षी, अर्धा पानाआड, आणि खाली प्रश्न, "हा कोण?" त्यातले बरेचसे लाल छातीच्या माशीमाराचे असतात, आपण बोलताना सगळेच ज्याला रेड ब्रेस्टेड फ्लायकॅचर म्हणतो तो. आणि अडचण अशी की फोटोतल्या बहुतेक पक्ष्यांच्या छातीवर लाल रंगाचा पत्ताच नसतो.

मला हा पक्षी नीट ओळखायला दोन हिवाळे लागले. पहिल्या वर्षी पुस्तकातलं चित्र डोक्यात ठेवून लाल गळा शोधत फिरले, आणि आमच्या बिल्डिंगच्या मागच्या आंब्यावर रोज सकाळी येणारा पक्षी "कुठलातरी वटवट्या असेल" म्हणून सोडून दिला. तो हाच होता हे मार्चमध्ये कळलं, तोपर्यंत त्याची जायची वेळ झालेली. तो सगळा हिवाळा माझ्या खिडकीपासून वीस फुटांवर होता आणि मी त्याला बघितलंच नाही, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितेय, तुमचा हिवाळा तसा जाऊ नये.

आधी हे जवळ ठेवा

- दुर्बीण. ८×४२ ची घ्या, म्हणजे आठ पटीची आणि ४२ मिलिमीटर भिंगाची. १० पटीची घेतली तर मोठं दिसतं खरं, पण हात हलतो, बघण्याचा टप्पा लहान होतो आणि हा पक्षी एका जागी फार वेळ थांबत नाही, त्यामुळे तो दुर्बिणीत सापडेपर्यंत उडून गेलेला असतो.
- वही आणि पेन्सिल. फोनमध्ये लिहिलं तरी चालेल, पण शेपटीचं चित्र काढायला कागदच बरा.
- फोनवर मर्लिन (पक्षी ओळखायला) आणि ईबर्ड (पक्ष्यांच्या नोंदी टाकायला) ही दोन ॲप, दोन्ही फुकट. मर्लिनमध्ये आपल्या भागाचा पॅक घरीच वायफायवर डाउनलोड करून ठेवा, जंगलात रेंज मिळेलच असं नाही.
- मळखाऊ रंगाचे कपडे. मातकट, शेवाळी, काहीही, फक्त पांढरा आणि भडक नको.
- नॅशनल पार्क किंवा अभयारण्यात जाणार असाल तर ओळखपत्र. कॅमेऱ्याची फी बऱ्याच ठिकाणी वेगळी घेतात, आणि बरीच उद्यानं आठवड्यातून एक दिवस बंद असतात, तर निघायच्या आधी फोन करून विचारा.

कॅमेरा असला तर उत्तम, नसला तरी या पक्ष्यासाठी अडत नाही. उलट मी तर म्हणेन पहिले पंधरा दिवस कॅमेरा घरीच ठेवा.

१. कधी आणि कुठे बघायचं

महाराष्ट्रात हे पक्षी सप्टेंबरच्या शेवटी, ऑक्टोबरमध्ये यायला लागतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा हक्काचा काळ. मे महिन्यात कुणी दाखवला तर दुसराच कुठलातरी पक्षी असायची शक्यता जास्त.

जागेचं म्हणाल तर लांब जायची गरज नाही. मुंबईत बोरिवलीचं नॅशनल पार्क, पनवेलजवळ कर्नाळा, पुण्यात विद्यापीठाचा परिसर, वेताळ टेकडी, पाषाण तलावाच्या कडेची झाडी, सिंहगडचं खोरं, विदर्भात नागझिरा, ताडोबा, मेळघाट, गोव्यात बोंडला आणि मोलेम, कुठेही बघा. पण सगळ्यात जास्त वेळा मला हा दिसलाय तो जुन्या सोसायट्यांत, शाळा-कॉलेजच्या आवारात, देवळामागच्या राईत. याला हवीत मोठी जुनी झाडं, खाली थोडी सावली आणि पालापाचोळा. आंबा, जांभूळ, करंज, रेन ट्री, बांबूचं बेट, असलं काही असेल तर तिथे थांबा. उघड्या माळावर आणि नुसत्या लॉनवर शोधू नका.

वेळ सकाळची, ऊन झाडाच्या शेंड्यावर येतं तेव्हाची. दुपारी चारनंतरही चांगला दिसतो.

२. आधी कानाने शोधा

हे मला कुणी सुरुवातीला सांगितलं असतं तर एक अख्खा हिवाळा वाचला असता. हा पक्षी दिसतो कमी आणि ऐकू जास्त येतो. आवाज म्हणजे एक छोटा कोरडा खडखडाट, "टर्र्र्र", जुन्या घड्याळाला चावी देताना येतो ना तसा, पण बारीक. मधे मधे नुसतं "टिक, टिक" पण करतो. हिवाळ्यात हा गाणं गात नाही, हा खडखडाटच त्याची ओळख.

आणि हा आवाज तो उगीच करत नाही. हिवाळ्यात प्रत्येक पक्षी आपापला इलाका धरून एकटा राहतो, दुसरा कोणी आत आला की खडखडाट वाढतो. म्हणजे दोन आवाज दोन बाजूंनी येत असतील तर तुम्ही बहुतेक दोघांच्या हद्दीवर उभे आहात, तिथेच थांबा, दोघंही दिसतील.

घरी बसून आठवडाभर रोज दोनदा रेकॉर्डिंग ऐका. एकदा कान बसला की रिक्षाच्या आवाजातसुद्धा हा खडखडाट वेगळा कळतो. मला आता भाजी घेतानासुद्धा कळतो.

फक्त एक कळकळीची विनंती, रेकॉर्डिंग घरीच ऐका. झाडाखाली उभं राहून फोनवर आवाज लावून पक्ष्याला बोलवू नका. त्याला वाटतं इलाक्यात दुसरा घुसला, मग तो खाणं सोडून त्याला हाकलायला येतो, तुम्हाला फोटो मिळतो आणि त्याची सकाळ फुकट जाते. हिवाळ्यातली त्याची प्रत्येक सकाळ पोट भरायची असते.

३. लाल रंग विसरा, शेपटी बघा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची, तर जरा सावकाश वाचा.

या पक्ष्याची शेपटी काळपट असते आणि तिच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना पांढरे ठसठशीत पट्टे असतात. शेपटी पसरली की मधे उभी काळी पट्टी, टोकाला आडवी काळी पट्टी आणि दोन कोपऱ्यांत पांढरं, असं दिसतं. नर असो, मादी असो, पहिल्या वर्षाचं पिल्लू असो, ही शेपटी सगळ्यांना सारखीच. म्हणून गळ्याच्या आधी शेपटी बघायची.

बरं, शेपटी दाखवायला हा पक्षी कंजुषी करत नाही. त्याची सवयच आहे ती, फांदीवर येऊन बसला की पंख थोडे खाली सोडतो आणि शेपटी झटकन वर उचलतो, मग हळू खाली आणतो, परत झटकन वर. चीरक, म्हणजे इंडियन रॉबिन, शेपटी उभी धरतो ना तशीच काहीशी, पण चीरकापेक्षा हा किती तरी लहान आणि नाजूक, जेमतेम ११-१२ सेंटीमीटर, चिमणीहून लहान.

आमच्या मागच्या आंब्यावरचं एक दृश्य सांगते. डिसेंबरची सकाळ, पावणेआठ वाजले असतील. पंप सुरू होता आणि पाइपच्या जोडातून पाणी ठिबकत होतं, त्याच्याखाली ओली माती आणि चार सडकी पानं. हा पक्षी साधारण माझ्या खांद्याच्या उंचीच्या फांदीवर, मान तिरकी करून खाली बघत. एकदम खाली झेपावला, पानावरून काहीतरी उचललं आणि परत वर, पण मघाच्या फांदीवर नाही, तिच्या बाजूच्या फांदीवर. चोचीत हिरवी अळी होती, ती त्याने फांदीवर डावीकडे उजवीकडे आपटली, चार-पाच वेळा, मग गिळली, चोच फांदीला दोन्ही बाजूंनी पुसली, आणि मग शेपटी वर, पांढरं चमकलं, "टर्र्र्र". गळा साधा मळकट पांढरा होता, लालचा ठिपकासुद्धा नाही. आणि तरी ओळख शंभर टक्के पक्की, कारण शेपटी, सवय आणि आवाज तिन्ही जुळले होते.

तर क्रम असा ठेवा: आवाज, शेपटी, सवय, आणि रंग सगळ्यात शेवटी.

४. आता रंगाकडे

मोठा नर: डोकं राखाडीकडे झुकणारं, पाठ तपकिरी, गळा आणि छातीचा वरचा भाग नारिंगी-लाल, डोळ्याभोवती फिकट कडं. वय वाढतं तसा लाल भाग छातीवर खाली पसरत जातो. आणि लक्षात ठेवा, या जातीच्या मोठ्या नराचा लाल रंग हिवाळ्यातही टिकतो. पुढच्या एका पायरीत याचा उपयोग होणार आहे.

मादी: वरून तपकिरी, खालून मळकट पांढरी, छातीवर पिवळसर-बदामी झाक, डोळ्याभोवती फिकट कडं. चेहरा साधा, भोळा दिसतो, डोळा मोठा आणि काळाभोर.

पहिल्या वर्षाचे पक्षी: नर असो की मादी, दिसायला मादीसारखेच. फरक इतकाच की पंखावर फिकट बदामी ठिपक्यांची एक ओळ दिसते, पिसांची टोकं फिकट असतात म्हणून. आणि नराला पूर्ण लाल गळा यायला एका वर्षापेक्षा जास्त वेळ लागतो. पहिल्या उन्हाळ्यातसुद्धा बरेच नर मादीसारखेच दिसतात, त्या रूपातच गाणं म्हणतात, जोडीही जमवतात.

आता हिशोब करा. माद्या बिनलाल, कोवळे नर बिनलाल, उरले फक्त मोठे नर. म्हणून आपल्याला दिसणाऱ्यांत लाल गळ्याचे कमी, आणि पुस्तकाच्या पानावर मात्र सगळ्यात मोठं चित्र लाल गळ्याच्या नराचं. नवीन माणूस अडकतो तो इथेच, आणि ज्यांनी नोव्हेंबरमध्ये "लाल नाही म्हणजे मादी" असं लिहून टाकलंय त्यांनी ते खोडून "मादी किंवा पहिल्या वर्षाचा" असं करा.

५. कोणाकोणाशी गोंधळ होतो

तपकिरी माशीमार, म्हणजे एशियन ब्राउन फ्लायकॅचर. सगळ्यात जास्त गल्लत याच्याशी. हा ताठ बसतो, बराच वेळ पुतळ्यासारखा, हवेत झेप घेऊन किडा पकडतो आणि पुष्कळदा परत त्याच फांदीवर येतो. शेपटीत पांढरं अजिबात नाही, शेपटी उचलायची सवयही तशी नाही. डोळा चेहऱ्याच्या मानाने फारच मोठा वाटतो.

तपकिरी छातीचा माशीमार हिवाळ्यात पश्चिम घाटात असतो, ईशान्य भारताकडून आणि त्याच्या पलीकडून येतो. याचे पाय बघा, फिकट पिवळसर असतात. शेपटीत पांढरं नाही.

टिकेलचा निळा माशीमार आपल्याकडे बारमाही. नराची छाती नारिंगी म्हणून लोक घाईत "रेड ब्रेस्टेड" म्हणतात, पण पाठ बघितली की निळी दिसते, तिथेच प्रश्न मिटतो. त्याची मादीसुद्धा फिकट निळसर असते.

पर्णवटवटे, म्हणजे चिफचाफ, ग्रीनिश वॉर्बलर ही मंडळी. हे पानापानांतून सतत पळत असतात, एका जागी चार सेकंदही नाही. माशीमार बसतो, बघतो, मग झेपावतो. हा फरक लांबून, दुर्बिणीशिवायसुद्धा दिसतो.

थिरथिऱ्याची, म्हणजे ब्लॅक रेडस्टार्टची मादी. शेपटी हलवते म्हणून लोक फसतात, पण तिची शेपटी विटकरी आणि सारखी थरथरणारी, नावातच आहे.

आणि स्वर्गीय नर्तकाला इंग्रजी नावात फ्लायकॅचर म्हणतात म्हणून तो यांचा भाऊबंद समजू नका, त्याचं कुळच वेगळं. नाचणसुद्धा वेगळ्या कुळातला.

६. तैगा फ्लायकॅचर: इथे घाई करू नका

आता खरी कठीण पायरी. लाल छातीच्या माशीमारासारखाच दिसणारा एक पक्षी आहे, तैगा फ्लायकॅचर. पूर्वी दोघांना एकाच जातीच्या उपजाती मानायचे, मग आवाज, पिसारा, पिसं बदलायची पद्धत असा सगळा फरक बघून २००० च्या दशकात त्यांना दोन वेगळ्या जाती मानायला सुरुवात झाली. म्हणून घरात जुनं पुस्तक असेल तर त्यात तैगा वेगळा सापडणार नाही. दोघांचीही शेपटी काळी-पांढरी, सवयी सारख्या. तैगा उरल पर्वताच्या पलीकडे सायबेरियापासून थेट कामचाटकापर्यंत वीण घालतो आणि हिवाळ्यात मुख्यतः ईशान्य आणि पूर्व भारतात, आग्नेय आशियात असतो. महाराष्ट्रात आपल्याला बहुतेक वेळा भेटतो तो लाल छातीचाच, पण तैगाही दिसतो, त्यामुळे गृहीत धरून चालत नाही.

बघायच्या गोष्टी चार.

शेपटीच्या मुळाशी, पाठीकडून, जी छोटी पिसं शेपटीवर झाकणासारखी येतात ती बघा. तैगामध्ये ती काळीकुट्ट, शेपटीपेक्षाही काळी. लाल छातीच्यामध्ये ती काळपट तपकिरी, शेपटीइतकी किंवा शेपटीपेक्षा फिकी. माझ्या मते सगळ्यात भरवशाची खूण हीच, पण पक्षी पाठमोरा आणि चांगल्या उजेडात पाहिजे.

चोच. तैगाची जवळजवळ पूर्ण काळी, लाल छातीच्याच्या खालच्या चोचीचा बुंधा फिकट. पण फोटोत उजेड जास्त पडला तर काळी चोचसुद्धा फिकट दिसते, म्हणून एकट्या चोचीवर कधी निकाल देऊ नका.

आवाज. दोघंही खडखडाट करतात, पण तैगाचा जास्त जलद, किड्याच्या भुणभुणीसारखा एकसंध. लाल छातीच्याचा त्या मानाने संथ, त्यातले ठोके सुटे सुटे जाणवतात.

लाल रंग आणि महिना. मघाशी सांगितलं ते इथे कामाला येतं. लाल छातीच्या मोठ्या नराचा गळा हिवाळाभर लाल राहतो. तैगाच्या नराचा हिवाळ्यात जातो आणि परत जायच्या आधी, वसंतात, पुन्हा येतो. म्हणजे डिसेंबरात छातीपर्यंत पसरलेला लालभडक गळा दिसला तर पारडं लाल छातीच्याकडे झुकतं. आणि मार्च-एप्रिलमध्ये फक्त गळ्यापुरताच नारिंगी तुकडा आणि त्याच्या खाली छातीवर राखाडी पट्टा असा नर दिसला तर तैगाचा विचार करा.

माद्यांमध्ये तैगा खालून जास्त राखाडी, थंड रंगाची आणि लाल छातीच्याच्या मादीवर बदामी ऊब जास्त, असं सांगतात ते खरंय, पण सकाळच्या कोवळ्या उन्हात सगळंच बदामी दिसतं. मी एकदा याच्यावर विसंबून तैगाची नोंद केली होती, मग एका अनुभवी मित्राने माझ्याच रेकॉर्डिंगमधला आवाज मला परत ऐकवला आणि नोंद बदलावी लागली. त्यानंतर ठरवलं, चारपैकी निदान दोन खुणा जुळल्याशिवाय तैगा लिहायचं नाही. नाही जुळल्या तर ईबर्डमध्ये "तैगा किंवा रेड ब्रेस्टेड" असा दोघांचा एकत्र पर्याय आहे, तो निवडा. त्यात कमीपणा काहीच नाही, चुकीच्या पक्क्या नोंदीपेक्षा ती प्रामाणिक नोंद अभ्यासकांना जास्त उपयोगी पडते.

तिसरा भाऊ काश्मिरी माशीमार. तो काश्मीरच्या भागात वीण घालतो, हिवाळ्यात निलगिरीचा भाग आणि श्रीलंका गाठतो, संख्या कमी आणि जात असुरक्षित गणली जाते. नराचा लाल रंग गडद आणि त्याला काळी किनार. असं काही दिसलं तर फोटो आणि आवाज दोन्ही घ्या आणि जाणत्या माणसाला दाखवा, स्वतः निकाल देऊ नका.

७. हा येतो कुठून, ते समजून घ्या

हा भाग ओळखीसाठी लागत नाही, पण मला तो सांगितल्याशिवाय राहवत नाही.

युरोपात वीण घालणारे बहुतेक छोटे कीटकभक्षी पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेत जातात. त्यांना सोयीचं तेच. पण लाल छातीचा माशीमार मध्य आणि पूर्व युरोपातून, पोलंड, रशियाच्या जुन्या जंगलांतून निघतो आणि आग्नेयेकडे वळून पाकिस्तान, भारत गाठतो. पोलंडच्या बियालोविएझाच्या जंगलात जुन्या झाडाच्या ढोलीत किंवा खोडाच्या खाचेत याची घरटी असतात, साधारण ५-६ अंडी. तिथून पुणं सरळ रेषेत मोजलं तरी साडेपाच हजार किलोमीटरच्या वर भरतं. आणि वजन साधारण १० ग्रॅम. पाच रुपयांची दोन नवी नाणी तळहातावर घ्या, हा पक्षी त्याहून हलका. त्यातून प्रवास बराचसा रात्री.

अशी पूर्वेची वाट धरणारा हा एकटा नाही. ज्वारीच्या शेतावर थवेच्या थवे उतरतात त्या भोरड्या आणि काळ्या डोक्याचे भारीट, यांचीही वाट अशीच, पश्चिमेकडून आपल्याकडे. आपल्या शेतकऱ्यांना भोरडी पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे कारण ती थव्याने येते, डोळ्यात भरते. हा बिचारा एकटा येतो, एका झाडावर राहतो आणि जातो, म्हणून याची ओळख राहून गेली असं मला वाटतं. याला माशीमारऐवजी लिटकुरी म्हणणारेही लोक आहेत, तेही नाव गोड आहे.

८. फोटो काढायचाच असेल तर

पक्ष्याच्या मागे मागे झाडाझाडावर पळू नका. तो स्वतःच्या इलाक्यात फिरून फिरून परत येतो, तुम्ही एका खोडाला टेकून पंधरा मिनिटं हलू नका, तोच जवळ येतो. माझे सगळ्यात चांगले फोटो बसून काढलेले आहेत.

समोरून एक, बाजूने एक आणि पाठमोरा एक, असे तीन तरी घ्या. सगळे समोरून गळ्याचा फोटो काढतात आणि मग ओळख विचारतात, तेव्हा शेपटीचं मूळ दिसतच नाही. पाठमोरा फोटो दिसायला साधा असतो पण उत्तर त्यात असतं. फोनवर तीस सेकंद आवाज पण घ्या, तेवढ्यात तुम्ही बोलू नका.

किडे ठेवून, अळ्या टाकून पक्ष्याला ठराविक फांदीवर आणायचा प्रकार काही ठिकाणी चालतो. कृपा करून करू नका आणि कोणी करत असेल तर पैसे देऊन तिथे बसू नका.

९. नोंद कशी करायची

तारीख, वेळ, जागा, झाड कुठलं, जमिनीपासून किती उंचीवर होता, काय करत होता, शेपटीत पांढरं दिसलं का, आवाज ऐकला का, गळा कसा होता. बस, एवढ्या नऊ गोष्टी. "सुंदर पक्षी दिसला" असं लिहू नका, पुढच्या वर्षी त्यातून काही कळत नाही. मर्लिनने फोटोवरून नाव सुचवलं तर ते सूचना म्हणून घ्या, स्वतः शेपटी बघितल्याशिवाय पक्कं करू नका. आवाजावरूनही ॲप चुकतं, खारीचा आवाज, रातकिडे, गाडीचा ब्रेक, काहीही मधे येतं.

फेब्रुवारीत ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट असतो, चार दिवसांचा, जगभरातले लोक आपापल्या अंगणातले पक्षी मोजून ईबर्डवर टाकतात. पहिली नोंद करायला तो मुहूर्त चांगला, तेव्हा हा पक्षी आपल्याकडे असतोच.

१०. एकच पक्षी धरा, पूर्ण हिवाळा

दर रविवारी नवीन जागी धावण्यापेक्षा घराजवळचा एकच माशीमार निवडा आणि रोज दहा मिनिटं त्याला द्या. महिन्याभरात तो कुठल्या फांदीवर आधी येतो, पाणी प्यायला कुठे जातो, कोणाला घाबरतो, शिकरा आला की कसा गप्प होतो, सगळं कळतं. एक पक्षी इतका माहीत झाला की दुसऱ्या कुठल्याही जंगलात त्याचा भाऊबंद लगेच ओळखू येतो.

आणि त्याच्या झाडाखालचा पालापाचोळा वाचवा. आमच्या सोसायटीत दर जानेवारीला पाला गोळा करून जाळायचे, त्या आठवड्यात आमचा माशीमार मला दिसायचा नाही. खालचे किडे गेले तर तो कशासाठी थांबेल? मी मीटिंगमध्ये तीन वेळा बोलले, तिसऱ्यांदा दोन काकूंनी साथ दिली, आता आंब्याखालची दहा बाय दहाची जागा तशीच सोडतात आणि उरलेला पाला खताच्या खड्ड्यात जातो. तुमच्याकडे पण बोलून बघा, नुसतं "पक्षी" म्हणू नका, झाडाखाली नेऊन शेपटी दाखवा, लोक ऐकतात.

मार्च उजाडला की वहीत रोज तारीख टाका, दिसला की नाही दिसला. कधीतरी एक सकाळ अशी येते की खडखडाट येत नाही. दुसऱ्या दिवशीही येत नाही. ती शेवटची तारीख लिहून ठेवा आणि खाली रेघ मारा. माझ्या वहीत अशा चार रेघा आहेत, शेवटची २ एप्रिलची, आणि तिच्याखाली पुढच्या ऑक्टोबरसाठी पान कोरं सोडलंय.